कर्लचें शुद्धिपत्र

पूर्वीं मराठी पुस्तक छापून झालें म्हणजे त्याच्या अखेरीस एक जादा पान जोडण्याचा प्रघात होता. त्या पानावर पृष्ठ, ओळ, अशुद्ध व शुद्ध असे चार रकाने असत आणि त्यास शुद्धिपत्र म्हणत. ग्रंथकार कितीहि विद्वान असो आणि मुद्रितें तपासणारा कितीहि दक्ष असो, पुस्तक लोकांच्या हातीं गेल्यावांचून त्यांतील सर्व चुका उमगत नाहींत, हा अनुभव त्या एका पानाच्या मुळाशीं होता. ज्या पुस्तकास शुद्धिपत्र नाहीं तें निर्दोष असेलच असें नव्हे. कदाचित् त्याचे दोष कोणीं मोजले नसतील, इतकेंच.

संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे जिला लोक प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर म्हणतात तिची, गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. भेद आहे तो एवढाच कीं, पुस्तकांतील चूक वाचक आपल्या अकलेनें सुधारून घेतो. एखाद्या शब्दाचा काना गळला तरी वाचणाऱ्याचें अडत नाहीं. यंत्राला ही अक्कल नसते. त्याला जें लिहून दिलें तेंच तें करतें. लिहिणाऱ्याच्या मनांत काय होतें हें त्याला कळत नाहीं. म्हणून आज्ञावलींतील एका अक्षराची चूकहि सारें काम बंद पाडूं शकते, आणि क्वचित् परक्याला घराचें दार उघडून देऊं शकते.

अशा चुकीला इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. यंत्रांतील खोडीला हा शब्द लावण्याची चाल जुनी आहे. थॉमस एडिसन यांच्या १८७८ सालच्या पत्रांतहि तो या अर्थानें आढळतो. पुढें ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड येथील 'मार्क टू' या गणकयंत्रांत एक खराच पतंग अडकलेला सांपडला आणि तो तेथील नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. परंतु बहुतेक किडे असे बाहेरून उडत येत नाहींत. ते लिहिणाऱ्याच्याच हातून आंत पडलेले असतात. हा किडा कसा सांपडतो, तो कोण दाखवितो आणि तो काढणाऱ्यावर केवढा भार पडतो, हें एका खऱ्या उदाहरणावरून पाहणें बोधप्रद होईल.

स्वीडन देशांत स्टॉकहोम शहराजवळ डॅनियल स्टेनबर्ग या नांवाचे एक गृहस्थ राहतात. १९९६ सालीं त्यांना एक लहानसें काम करावयाचें होतें. संगणकावरून एकमेकांशीं गप्पागोष्टी करणाऱ्या मंडळींना निरनिराळ्या देशांच्या चलनांचे भाव आपोआप कळावेत, अशी सोय ते करीत होते. आणि त्यासाठीं ते भाव इंटरनेटवरून आणून देणारें कांहीं साधन त्यांना हवें होतें. ब्राझीलमधील राफाएल सागुला यांनीं लिहिलेली 'एचटीटीपीगेट' नांवाची एक छोटी आज्ञावली त्यांना मिळाली. ती वापरतां वापरतां त्यांनीं तिच्यांतील उणिवा भरून काढल्या, त्या दुरुस्त्या मूळ कर्त्याकडे पाठविल्या, आणि थोड्याच दिवसांत ती सांभाळण्याचें काम त्यांच्याचकडे आलें. दोनदां नांव बदलून २० मार्च १९९८ रोजीं ती 'कर्ल' या नांवानें बाहेर पडली. आज जे दुरुस्ती करणारे म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांचा या कामांत प्रवेश झाला तो दुरुस्ती सुचविणारा एक वापरकर्ता म्हणून, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

कर्लचें काम वर्णन करावयास सोपें आहे. एखाद्या ठिकाणाचा इंटरनेटवरील पत्ता दिला असतां तेथील माहिती आणून देणें, किंवा आपल्याजवळची माहिती तेथें पोंचविणें, एवढेंच तें काम होय. टपालवाल्याचें काम जसें सर्वांना ठाऊक असतें पण त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं, तशीच या आज्ञावलीची स्थिति आहे. ती कोणासहि फुकट घेतां येते व आपल्या मालांत घालतां येते. यामुळें फोन, दूरचित्रवाणीचे संच, मोटारी, खेळांचीं यंत्रें, मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक अशा अब्जावधि ठिकाणीं ती जाऊन बसली आहे. २०२१ सालीं मंगळ ग्रहावर 'इन्जेन्युइटी' नांवाचें जें छोटें हेलिकॉप्टर उडालें, त्याच्या कामीं लागलेल्या आज्ञावलींतहि कर्लचा समावेश होता. पुण्यांतील किंवा कोल्हापुरांतील मनुष्य खिशांत जो फोन बाळगतो त्यांतहि ती असण्याचा संभव फार मोठा आहे. मात्र त्याला तिचें नांवहि ठाऊक नसतें.

इतका पसारा वाढला तरी स्टेनबर्ग यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ हें काम मुख्यतः आपली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळांत केलें. २०१७ सालीं स्वीडनमधील पोल्हेम पारितोषिक त्यांना मिळालें व त्याचें सुवर्णपदक तेथील राजाच्या हस्तें देण्यांत आलें. परंतु पूर्ण वेळ याच कामाला देतां येऊं लागला तो २०१९ पासून. आज त्यांच्याबरोबर अनेक स्वयंसेवक आहेत, तरी शेवटची जबाबदारी बहुशः त्यांच्याच शिरावर असते.

आतां तक्रारींकडे वळूं. कर्ल आपल्या मालांत घालणाऱ्यावर एक लहानशी अट असते. ती अशी कीं, मूळ कर्त्याचा हक्क सांगणारा मजकूर त्यानें सोबत द्यावा. त्या मजकुरांत स्टेनबर्ग यांचें नांव व ई-मेलचा पत्ता असतो. परिणाम असा झाला कीं, कोणाच्या मोटारींतील नकाशाचा पडदा चालेनासा झाला म्हणजे तो मनुष्य पडद्यावर शोधतां शोधतां या नांवापर्यंत येऊन पोंचतो, आणि आपली मोटार दुरुस्त करून देण्याविषयीं स्वीडनमधील या गृहस्थांस पत्र लिहितो. अशीं पत्रें त्यांना वर्षानुवर्षें येत आलेलीं आहेत. पुष्कळशीं विनोदी वाटतात. परंतु २०२१ च्या फेब्रुवारींत एकानें चक्क ठार मारण्याची धमकी लिहून पाठविली. ज्यानें आपलें नांव प्रामाणिकपणें खालीं लिहिलें, त्याच्याच दारीं साऱ्या जगाचा राग येऊन उभा राहतो, असा हा प्रकार आहे.

उपयोगी तक्रार कशी असते? कर्लची मंडळी तक्रार करणाऱ्याकडून थोड्याच गोष्टींची अपेक्षा करतात. तुम्ही काय केलें, काय घडावें अशी तुमची अपेक्षा होती, प्रत्यक्षांत काय घडलें, आणि तुमची आवृत्ति व तुमचा संगणक कोणता, एवढ्यांचीं उत्तरें पुरेशीं होतात. हे प्रश्न साधे दिसतात, पण त्यांतच सारें मर्म आहे. वैद्याकडे जाऊन 'बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगणारा रोगी आणि 'काल दुपारपासून उजव्या कुशींत दुखतें, जेवल्यावर वाढतें' असें सांगणारा रोगी, या दोघांत जो फरक तोच येथेंहि आहे. दुरुस्ती करणाऱ्याला सर्वांत आधीं तो दोष आपल्या डोळ्यांसमोर पुन्हां घडवून आणावा लागतो. जो दोष पुन्हां घडवितां येत नाहीं तो काढला गेला कीं नाहीं, हेंहि कधीं निश्चित सांगतां येत नाहीं.

दोष घडवितां आला म्हणजे तो केव्हां शिरला याचा शोध सुरू होतो. आज्ञावलींत झालेला प्रत्येक बदल तारखेसह व करणाऱ्याच्या नांवासह नोंदलेला असतो. समजा, जुनी आवृत्ति चांगली चालत होती, नवी चालत नाहीं, आणि मध्यंतरीं एक हजार बदल झालेले आहेत. ते एकामागून एक तपासण्याचें कारण नाहीं. बरोबर मधला, म्हणजे पांचशेंवा बदल घेऊन पाहावें. तेथें दोष नसेल तर तो पुढच्या अर्ध्यांत आहे. असेल तर त्या बदलापर्यंतच्या अर्ध्यांत आहे. मग उरलेल्या पांचशेंचे अडीचशें, अडीचशेंचे सव्वाशें, असें निम्में निम्में करीत गेलें म्हणजे सुमारें दहा पायऱ्यांत अपराधी बदल हातीं लागतो. मनांत धरलेली संख्या ओळखण्याचा जो खेळ मुलें खेळतात, त्यांतील युक्ति हीच होय.

यानंतर दुरुस्ती. येथें अननुभवी मनुष्याची फसगत होते. छपराची एक गळती बंद करावयास चढलेला मनुष्य आपल्या पायानें दुसरीं दोन कौलें फोडून खालीं उतरतो, तसें आज्ञावलींत सहज घडतें. त्यावर उपाय म्हणून कर्लमध्यें असा नेम आहे कीं, शक्य तेथें दुरुस्तीबरोबर एक चाचणीहि लिहावी. ही चाचणी तोच दोष पुन्हां आला आहे काय हें आपोआप तपासते. अशा दीड हजारांहून अधिक चाचण्या सांठल्या आहेत, आणि नवा बदल आला कीं त्या त्याजवर चालविल्या जातात. दुसरा नेम याहूनहि कठीण आहे. जुन्या वापरणाऱ्यांचें कांहीं मोडूं द्यावयाचें नाहीं. कर्लचा जो भाग इतर आज्ञावलींत बसविला जातो, त्याची जोडणी २००६ पासून आजवर अशा रीतीनें राखली आहे कीं, जुन्या मालांत नवी आवृत्ति घातली तरी ती बसावी. नवें करण्यापेक्षां जुनें न मोडतां नवें करणें हें कितीतरी अधिक कष्टाचें असतें.

इतकी दक्षता असूनहि चूक होते, आणि कधीं ती फार मोठी असते. २०२३ च्या ऑक्टोबरांत जें घडलें तें या दृष्टीनें मुद्दाम समजून घेण्यासारखें आहे.

इंटरनेटवर कधीं कधीं माहिती थेट न आणतां एका मध्यस्थ संगणकामार्फत आणावी लागते. त्या मध्यस्थाशीं बोलण्याची 'सॉक्स फाइव्ह' नांवाची एक ठराविक रीत आहे. तींत ज्या ठिकाणाशीं गांठ घालावयाची त्याचें नांव मध्यस्थाला कळवितात. पण तें नांव २५५ अक्षरांहून लांब असतां कामा नये, कारण लांबी लिहावयास जागाच तेवढी ठेविलेली आहे. नांव याहून लांब आलें तर तें मध्यस्थाकडे न पाठवितां त्याचा पत्ता आपणच शोधून काढावा, असा निर्णय कर्लमध्यें लिहिलेला होता. इथपर्यंत ठीक होतें. २०२० च्या आरंभीं स्टेनबर्ग यांनीं हा भाग अशा रीतीनें पुन्हां लिहिला कीं, मध्यस्थाचें उत्तर येईपर्यंत कर्लनें स्वस्थ वाट पाहत न बसतां दुसरीं कामें करावीं व मग परत येऊन राहिलेलें काम पुढें चालवावें.

एका पेढीवरचा कारकून डोळ्यांसमोर आणावा. तो एका गिऱ्हाइकाचा कागद पाहून मनांत ठरवितो, 'हा लांबलचक आहे, याचें काम निराळ्या रीतीनें करावयाचें.' इतक्यांत त्याला दुसऱ्या कामावर बोलावतात. तो परत येतो तेव्हां आपला निर्णय विसरलेला असतो, कारण तो त्यानें कागदावर टिपून ठेवलेला नव्हता. आणि नेहमींच्या रीतीनें तो कागद लहानशा खणांत कोंबूं लागतो. कर्लमध्यें नेमकें हेंच झालें. पहिल्या खेपेस घेतलेला निर्णय दुसऱ्या खेपेस पुसला जाई, आणि मध्यस्थ जर मंद असेल तर लांब नांव अपुऱ्या जागेंत उतरविलें जाई. ज्या सी भाषेंत कर्ल लिहिलेली आहे ती भाषा जागा पुरते कीं नाहीं हें स्वतःहून पाहत नाहीं. मग उरलेलीं अक्षरें शेजारच्या स्मृतींत सांडतात, आणि तीं कोणीं कपटानें निवडलेलीं असलीं तर संगणकाकडून भलतेंच काम करून घेण्याचा संभव उत्पन्न होतो.

हा दोष १३१५ दिवस तेथें होता. अब्जावधि यंत्रांत ती आज्ञावली चालत होती, अनेकांनीं ती वाचली होती, चाचण्या पार पडत होत्या. तरी कोणाच्या लक्षांत तो आला नाहीं. शेवटीं एका जाणकारानें तो हेरून खासगी रीतीनें कळविला, आणि त्याला ४६६० डॉलर बक्षीस देण्यांत आलें. येथें खासगी रीतीनें कळविण्याचें महत्त्व ध्यानांत घ्यावें. घराचें कुलूप मोडकें आहे ही गोष्ट घरमालकाला सांगणें निराळें आणि चावडीवर ओरडून सांगणें निराळें. स्टेनबर्ग यांनीं ठरलेली तारीख अलीकडे आणली, सुमारें आठवडाभर आधीं 'गंभीर दोषाची दुरुस्ती येत आहे, सर्वांनीं तयार असावें' असें जाहीर केलें, पण दोषाचें स्वरूप गुप्त ठेवलें. ११ ऑक्टोबर २०२३ रोजीं ८.४.० ही आवृत्ति निघाली. तींत दुरुस्ती अगदीं साधी होती: नांव प्रमाणाबाहेर लांब असेल तर दुसरी तोड न काढतां सरळ नकार द्यावा. सोबत अर्थातच एक नवी चाचणीहि आली.

त्याच दिवशीं त्यांनीं एक लेखहि प्रसिद्ध केला. हा दोष आपण स्वतः कसा निर्माण केला, कोणती ओळ केव्हां लिहिली, आणि आतां पाहिलें असतां ती चूक किती उघड दिसते, हें त्यांनीं त्यांत कसलीहि सबब न सांगतां लिहिलें. लोकांना वाटेल कीं अशानें विश्वास उडावा. घडतें तें उलट. ज्याच्या वहींत चुकांची नोंद तारीखवार सांपडते, त्याच्या शब्दावर मनुष्य अधिक भरंवसा ठेवतो. कारण उद्यां कांहीं बिघडलें तर तेंहि असेंच उघड कळेल, अशी खात्री त्याला असते.

कर्लची नवी आवृत्ति साधारणपणें दर आठ आठवड्यांनीं निघते. तिच्याबरोबर कोणकोणते दोष काढले याची यादी असते, आणि ते ज्यांनीं दाखविले किंवा सुधारले त्यांचीं नांवेंहि असतात. आजवर साहाय्य करणाऱ्यांच्या नांवांची जी एकत्रित यादी ठेविली आहे, तींत तीन हजारांहून अधिक नांवें आहेत. एखाद्यानें एकच ओळ सुधारली असेल, दुसऱ्यानें एकच तक्रार नीट लिहून पाठविली असेल. दोघांचेंहि नांव तेथें आहे. आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांनीं शुद्धिपत्राखालीं चुका दाखविणाऱ्या वाचकांचीं नांवें छापलीं असतीं, तर तीहि चाल शोभून दिसली असती.

परंतु अलीकडे या कामावर एक नवें संकट आलें आहे. दोष दाखविणाऱ्यास बक्षीस देण्याची योजना कर्लनें २०१९ सालीं सुरू केली, व तिच्यांतून कित्येक खरे दोष हातीं लागले. पण कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें सर्वांच्या हातीं आल्यावर, बक्षिसाच्या आशेनें, स्वतः कांहींहि न तपासतां यंत्राकडून तक्रारी लिहवून पाठविणाऱ्यांची रीघ लागली. या तक्रारींची भाषा शुद्ध, मांडणी सुबक, आणि मजकूर खोटा असतो. कर्लमध्यें जो भाग अस्तित्वांतच नाहीं त्यांतील दोषाचें त्यांत सविस्तर वर्णन असतें. खोटी तक्रार लिहावयास एक मिनिट लागतें. ती खोटी आहे असें ठरवावयास जाणत्या माणसांचे तासच्या तास जातात, कारण न वाचतां फेंकून द्यावी तर न जाणो तिच्यांतच खरा दोष असावयाचा. स्टेनबर्ग यांनीं २०२४ च्या जानेवारीपासून याविषयीं वारंवार लिहिलें, आणि २०२६ च्या जानेवारीअखेर पैशाचें बक्षीस थांबविण्यांत आलें.

यांत दोष यंत्राचा कीं माणसाचा? २०२५ च्या सप्टेंबरांत एका अभ्यासकानें तशाच प्रकारच्या साधनांच्या साह्यानें, परंतु आपलें डोकें वापरून, संभाव्य दोषांची एक मोठी यादी कर्लकडे पाठविली. तिच्यावरून डझनावारी खऱ्या दुरुस्त्या झाल्या, आणि स्टेनबर्ग यांनीं तिची मनमोकळी प्रशंसा केली. साधन दोन्हीं वेळीं जवळजवळ एकच होतें. पहिल्या प्रकारांत पाठविणाऱ्यानें विचार करण्याचें ओझें दुसऱ्यावर टाकलें. दुसऱ्या प्रकारांत तें स्वतः उचललें. दुसऱ्याच्या वेळाची किंमत ज्याला कळत नाहीं, त्याच्या हातीं कोणतेंहि साधन दिलें तरी तें उपद्रवीच ठरतें.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. विहिरीचें पाणी सारा गांव भरतो, पण तिचा गाळ काढण्याची पाळी आली म्हणजे माणसें मोजकींच पुढें येतात. ज्या आज्ञावलींवर आजचे व्यवहार चालतात, त्यांपैकीं कित्येक अशाच मोजक्या माणसांनीं, प्रसंगीं एकट्यादुकट्यानें, राखलेल्या आहेत. ते थकले किंवा कंटाळले तर त्यांची जागा आपोआप भरून निघत नाहीं, आणि न काढलेला दोष मात्र सर्वांच्या घरांत राहतो. प्रत्येकाला आज्ञावली लिहितां येणार नाहीं, व तशी जरूरहि नाहीं. परंतु आपल्या फोनमधील एखादें साधन बिघडलें असतां रागानें चार शब्द लिहिण्याऐवजीं, काय केलें, काय अपेक्षिलें व काय घडलें हें शांतपणें लिहून कळविणें कोणासहि जमण्यासारखें आहे. आणि दुरुस्ती आल्याचें फोन सांगूं लागला म्हणजे ती पुढें न ढकलतां वेळेवर बसवून घेणेंहि तितकेंच सोपें आहे. शुद्धिपत्र छापलें, पण वाचकानें तें उघडून आपल्या प्रतींत सुधारणा केलीच नाहीं, तर त्याच्या पुस्तकांतील चूक जशीच्या तशीच राहते.